ट्रफाल्गर स्क्वेअरचं नॉर्वेचं झाड: कधी जायचं, काय बघायचं

डिसेंबरात लंडनला येणार असाल तर ट्रफाल्गर स्क्वेअरला दुपारी साडेतीनला पोचा. चारच्या आत सूर्य मावळतो, म्हणजे नॉर्वेहून आलेलं नाताळचं झाड उजेडातही बघून होतं आणि रोषणाईतही. चेरिंग क्रॉसला उतरलात की चौक समोरच. कानटोपी, हातमोजे हवेतच. मोकळ्या जागेत वारं फार झोंबतं.

आमच्याकडे येणारे पाहुणे झाड बघून हमखास म्हणतात, "एवढंच?" चेंडू नाहीत, चमचम नाही. नुसते पांढरे दिवे, तेही आपल्याकडे लग्नाच्या कार्यालयावर सोडतात तशा वरून खाली सोडलेल्या माळांचे. ही नॉर्वेची पद्धत. २०२१ साली तर झाड इतकं विरळ होतं, की लंडनकरांनीच त्याची यथेच्छ टर उडवली.

म्हणून मी आधी पाटी वाचायला लावतो. १९४० ते १९४५ या काळात लंडनच्या लोकांनी केलेल्या मदतीबद्दल ऑस्लो शहराने कृतज्ञतेपोटी दिलेलं हे झाड, असं तिच्यावर लिहिलंय. एप्रिल १९४० मध्ये जर्मनीने नॉर्वेवर हल्ला केला. जूनमध्ये राजे सातवे हाकोन ट्रॉम्सोहून ब्रिटिश युद्धनौकेवर चढले आणि पुढची पाच वर्षं त्यांचं सरकार लंडनमधून चाललं. बीबीसीवरून राजेसाहेब बोलायचे, ते तिकडे लोक चोरून ऐकायचे; रेडिओ जर्मनांनी जप्त केले होते ना! १९४७ पासून दरवर्षी ऑस्लोहून झाड येतं. एवढं सांगून झालं की पाहुणे पुन्हा मान वर करून बघतात.

बघण्यासारखं आणखी काय? बुंधा. वीस मीटरच्या आसपास उंचीचा स्प्रूस (सूचिपर्णी वृक्ष), बहुधा पन्नाशी उलटलेला. ऑस्लोभोवतीच्या जंगलात हेरून ठेवायचा, नोव्हेंबरात समारंभाने तोडायचा, बोटीने इंग्लंडात आणायचा आणि क्रेनने उभा करायचा.

दिवे लावण्याचा कार्यक्रम साधारण डिसेंबरच्या पहिल्या गुरुवारी संध्याकाळी असतो. गर्दी मुंगीलाही वाट देत नाही, तेव्हा लहान मुलं किंवा गुडघेदुखीवाले सोबत असतील तर तो दिवस सोडा. नंतर बऱ्याच संध्याकाळी झाडाखाली कॅरल, म्हणजे नाताळची गाणी, गाणारे असतात, तेव्हा निवांत ऐकता येतं. स्वच्छतागृहासाठी समोरची नॅशनल गॅलरी, प्रवेश फुकट. चहाला सेंट मार्टिन चर्चच्या तळघरातला कॅफे बरा. मात्र तिथली फरशी जुन्या थडग्यांच्या शिळांची आहे, हे आईंना चहा संपल्यावर सांगा.

६ जानेवारीच्या सुमारास झाड उतरवून त्याचा भुगा करतात. संक्रांतीच्या आसपास येणाऱ्यांना मी हाइड पार्कात नेतो. नॉर्वेच्या नौदलाने आणि व्यापारी जहाजवाल्यांनी १९७८ मध्ये याच आभारापोटी दिलेला भलाथोरला दगड तिथे बारा महिने असतो, आणि त्याच्यापाशी फोटोला रांग नसते.