फुटबॉलला पोरं मिळत नाहीत? आधी क्लबचं टाइमटेबल बदला

गावोगावच्या फुटबॉल क्लबांचं रडगाणं एकच. पोरं येत नाहीत, मोबाईलात डोकं घालून बसतात, क्रिकेटपलीकडे त्यांना काही दिसत नाही. मी वेंगुर्ल्याच्या बाजूला असाच एक क्लब सांभाळतो. त्याआधी उभी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून केली. त्यामुळे 'माणसं येत नाहीत' असं कोणी म्हणालं की माझा पहिला प्रश्न ठरलेला: गाडी कितीची सोडता?

आपण गाडी चुकीच्या वेळेला सोडतो. दिवाळी झाली, मैदान सुकलं, हवा बरी झाली की क्लबवाल्यांना हुरूप येतो आणि नव्या पोरांसाठी फलक लागतो. नेमके तेव्हाच ओव्हरआर्म टेनिस क्रिकेटचे चषक सुरू होतात. तिथे रोख बक्षीस असतं, माईकवर नाव पुकारलं जातं, मांडवात वडापाव असतो. त्यांच्याशी तुम्ही काय स्पर्धा करणार? त्याच दिवसांत जत्रा लागतात. रात्रभर दशावतार बघून आलेला पोरगा सकाळी सहाला सरावाला येईल ही आशा सोडा. मग परीक्षा, मग शिमगा, आणि एप्रिल-मेमध्ये आंबा. बागेत पेट्या भरायला गेलं की रोजची हजेरी सुटते. घरात येणारा तो पैसा तुमच्या सरावासाठी कोणी सोडणार नाही, आणि सोडूही नये.

आपला हंगाम पावसाचा. टेनिस बॉल भिजला की क्रिकेट आटोपलं. फुटबॉल चिखलातच रंगतो. शिवाय जून आणि जुलैमध्ये यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. वर्षभर खलाशी म्हणून पाण्यावर असलेली तरणी पोरं त्या दिवसांत जाळी विणत आणि पत्ते कुटत घरी असतात. त्यांचे पाय वाळूत पळून पळून असे झालेले असतात की तुमचे कॉलेजवाले त्यांच्यापुढे दहा मिनिटांत धापा टाकतात. म्हणून नवी भरती मृगात करा. फलक शाळेच्या दारात लावालच, पण एक मासळी उतरवायच्या धक्क्यावर आणि एक बर्फाच्या कारखान्याजवळही लावा.

ऑगस्टमध्ये होड्या पाण्यात गेल्या की ही पोरं रोज यायची थांबतील. त्यांची नावं खोडू नका. वेगळ्या पानावर लिहून ठेवा आणि सामन्याच्या आदल्या रात्री फोन करा. नियमाप्रमाणे एका बाजूला 7 खेळाडू नसतील तर सामना सुरूच होत नाही. पोरं कमी असलेल्या क्लबचं मरण अकराव्या खेळाडूत नसतं, या सातव्यात असतं. तो सातवा बऱ्याचदा त्या वेगळ्या पानावर मिळतो.

आता मैदान. पावसात मळ्यात भात असतं, तिथे पाय ठेवायची सोय नाही. उरतं शाळेचं मैदान किंवा सडा, म्हणजे डोंगरावरचं कातळाचं सपाट माळरान. सड्यावर मळ्यासारखा चिखल होत नाही, पण कातळाचे कंगोरे गुडघे सोलून काढतात, आणि शेवाळ धरलं की स्टडचे बूट घालून उतरणं म्हणजे हाड मोडून घेणं. शाळेचं मैदान सर्वांत बरं. मुख्याध्यापकांकडून आणि शाळा व्यवस्थापन समितीकडून परवानगी तोंडी घेऊ नका, कागदावर घ्या. मुख्याध्यापकांची बदली झाली की तोंडी परवानगी त्यांच्याबरोबर जाते.

शाळेच्या मैदानाचा दुसरा फायदा माझ्यासारख्यालाच सुचेल. विद्यार्थ्यांचा एसटी पास घर ते शाळा एवढ्याच मार्गाचा असतो. सराव शाळेतच असला तर पोराला वेगळं भाडं पडत नाही. मुलींना तर अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंत पास फुकट आहे. मात्र वाडीवर जाणारी शेवटची गाडी कितीची ते स्टँडवर जाऊन बघा आणि तिच्याआधी पंधरा मिनिटं सराव बंद करा. खेळ कितीही रंगात असू दे. पोराची एकदा गाडी चुकली आणि बापाला अंधारात मोटारसायकल काढावी लागली की दुसऱ्या दिवशी तो पोरगा दिसत नाही.

पाऊस गेल्यावर, ऑक्टोबरनंतर, समुद्रकिनारा हे आपलं फुकटचं मैदान. आमच्याकडे सागरेश्वरचा किनारा ऐसपैस आहे, पण भरतीच्या वेळी गेलात तर वर फक्त भुसभुशीत वाळू उरते आणि पोटऱ्या भरून येतात. मच्छीमारांचं साधं गणित वापरा. तिथीची पाऊणपट केली की साधारण भरतीची वेळ येते, आणि त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे संध्याकाळी सहाला भरती. त्या दिवशी किनाऱ्याचं नावही काढू नका. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास. शिवाय उधाणाचे दिवस असल्याने पाणी खूप मागे जातं. अर्धा तास इकडे-तिकडे धरून चाला. द्वादशीपासून द्वितीयेपर्यंत संध्याकाळी ओली, घट्ट वाळू मिळते. तिच्यावर चेंडू छान पळतो आणि बुटांची गरज नसते. या दिवसांत किनारा, बाकी दिवसांत शाळा, असं महिन्याचं वेळापत्रक पंचांग बघून लावा. पावसाळ्यात मात्र पोरांना किनाऱ्यावर नेऊच नका. चेंडू पाण्यात गेला की पोरगा विचार न करता त्याच्यामागे जातो.

वेळ जुळली की पोरं बघायला येतात. बघायला आलेलं पोर आत कसं घ्यायचं, तिथे बहुतेक क्लब गळपटतात.

ते पोर कधी मैदानात येत नाही. ते चिऱ्याच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, बसतं, दप्तर मांडीवर, एक चप्पल पायात आणि दुसरी खाली पडलेली. त्याला 'खेळणार का?' असं विचारू नका, तो मान हलवून नाही म्हणेल. चेंडू मुद्दाम गडग्याकडे जाऊ द्या. तो उठेल, लाथ मारून परत पाठवेल. दोनदा असं झालं की त्याच्याच वयाच्या पोराला ओरडायला सांगा, "रे, आमका एक कमी हा, येतंस?" मोठ्या माणसाने बोलावलं तर परीक्षा वाटते. बरोबरीच्याने बोलावलं की खेळ वाटतो. आणि खरोखरच एक कमी ठेवा. नवं पोर येण्याची शक्यता असेल त्या दिवशी आपलंच एक पोर पंच म्हणून बाहेर काढा.

पहिल्या दिवशी मैदानाला फेऱ्या मारायला लावू नका. रांगेत उभं करून एकेकाला किक मारायला लावणं तर त्याहून वाईट, कारण चुकली की सगळी फिदीफिदी हसतात. सरळ चार-चारचा खेळ लावा, गोल म्हणून चपला ठेवा. अकरा-अकराच्या खेळात नवं पोर तासभर नुसतं धावतं, चेंडू त्याच्या पायाला जेमतेम लागतो. चार-चारमध्ये चेंडू चुकवू म्हटलं तरी चुकत नाही. ऑफसाइडबद्दल महिनाभर अवाक्षर काढू नका. बाराच्या आतल्यांना 4 नंबरचा चेंडू द्या. 5 नंबरचा चेंडू 410 ते 450 ग्रॅमचा, त्यात भिजलेला. तो पोटावर बसला की पोराला घरच आठवतं.

आणि एक गोष्ट मी आमच्या पोरांना दटावून सांगतो: नव्याला गोलात उभा करायचा नाही. सगळीकडे हेच होतं. ज्याला येत नाही त्याला गोलकी दिली जाते, तो पाच गोल खातो, शिव्या खातो, परत येत नाही. गोलकी पाळीने द्या. गोलकीपर हवाच असेल तर कबड्डीच्या संघातला एखादा चपळ पोरगा बघा, अंग झोकून द्यायची त्याला सवय असते.

बुटांमुळे फार पोरं गळतात. सरावाला बूट सक्तीचे करू नका. पण सामन्यात नडगीला शिनगार्ड आणि पायात बूट नसतील तर पंच आत घेत नाही. त्यासाठी क्लबात एक गोणी ठेवा. वाढत्या पोरांचे पाय वर्षाला एक नंबर मोठे होतात आणि लहान झालेले बूट घरी माळ्यावर कुजतात. ते गोणीत. गणपतीला चाकरमानी येतात, तेव्हा त्यांचा आणि गाववाल्यांचा सात-सातचा सामना सकाळी लावा. संध्याकाळी आरत्या आणि भजनं, कोणी येणार नाही. त्या सामन्यातून तुम्हाला खेळाडू मिळणार नाहीत. जुने बूट आणि नव्या चेंडूंचे पैसे मिळतील, तेवढ्यासाठीच तो खेळायचा. जाळीला पैसे घालू नका. धक्क्यावर फाटकी मासळीची जाळी मागितली तर कोणी नाही म्हणत नाही, पोफळीचे दोन खांब आणि वर एक आडवा की गोल तयार. खांब हातभर तरी खोल गाडा. नुसते टेकवून ठेवलेले खांब पोराच्या अंगावर येतात.

घरच्यांशी बोलायचं तर बापापेक्षा आईशी बोला. परवानगी बाप देतो, पण रोज संध्याकाळी पाठवायचं की नाही ते आई ठरवते. 'तुमचा मुलगा भारताकडून खेळेल' असलं काही बोलू नका. तिचे प्रश्न वेगळे असतात. "झिलाक ताप इलो तर कोण बघतलो?" घरी किती वाजता येणार? चिखलाचे कपडे कोण धुणार? यांची उत्तरं तयार ठेवा. कपड्यांचं उत्तर आम्ही शोधलंय: सराव संपला की शाळेच्या नळावर अंगावरचं बनियन पोराने स्वतः पिळून न्यायचं. हे ऐकून हसणाऱ्या आया पुढे हरकत घेत नाहीत.

मार्कांचा मुद्दाही खरा तेवढाच सांगा. दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात, पण गावातल्या चषकाचं प्रमाणपत्र तिथे उपयोगाचं नाही. पोरगा शाळेमार्फत शासकीय शालेय स्पर्धेत उतरला पाहिजे. सुब्रतो चषक या शाळांच्या देशपातळीवरच्या फुटबॉल स्पर्धेची वाटही शाळेतूनच जाते. म्हणून शाळेच्या क्रीडाशिक्षकांना क्लबात मानाने घ्या, त्यांच्याशी पोरांवरून ओढाताण करू नका. कुठल्या पातळीला किती गुण ते बदलत राहतं. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात चालू वर्षाचं विचारा आणि मगच आईला आकडा सांगा.

मुलींचं तर आपण फारच सोडून दिलंय. कबड्डी आणि खो-खोत इथल्या मुली जीव तोडून खेळतात, त्यांना फुटबॉलला कोणी विचारतच नाही. एकटीला बोलावू नका, ती येणार नाही. एकाच वाडीतल्या चौघींना एकदम बोलावा. मैदानावर एक बाई, शिक्षिका किंवा कोणाची आई, शेवटपर्यंत थांबली पाहिजे, आणि शाळेच्या स्वच्छतागृहाची किल्ली संध्याकाळी शिपायाकडे नाही, तिच्याकडे पाहिजे. या दोन गोष्टी जमत नसतील तर मुलींचा संघ जाहीर करू नका.

कोल्हापूरची गोष्ट कोणीतरी काढतंच. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार अशा तालमींचे संघ, शाहू स्टेडियमला लोटणारी गर्दी, 2017 च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात खेळलेला अनिकेत जाधव. तिथे पोराला संघ शोधावा लागत नाही, घर ज्या पेठेत त्या तालमीचा तो. आपल्याकडे पेठेच्या जागी वाडी. पण वाडीवार संघ पाडलेत तर एका वाडीत नऊ पोरं, दुसरीत पाच, आणि मानपानाची जुनी भांडणं मैदानात उतरणार. क्लब गावाचा एकच ठेवा आणि सरावाचे संघ रोज चिठ्ठ्या टाकून पाडा. दोन सख्ख्या भावांना एकमेकांविरुद्ध खेळू द्या, मजा येते.

शेवटी गोव्याचं. आमच्यासारख्या सीमेवरच्या क्लबांना ही कायमची डोकेदुखी. सोळा-सतराचा चांगला पोरगा तयार झाला की त्याचं लक्ष पेडण्याच्या पलीकडे जातं. तिथे साळगावकर, धेंपो, चर्चिल ब्रदर्स अशा क्लबांची नावं, तिथे नोकरीही. काही क्लब अशा पोराची नोंदणी अडवून ठेवतात, ना हरकत पत्रासाठी हेलपाटे मारायला लावतात. पोरगा तरीही जातो. फक्त त्याचा धाकटा भाऊ, चुलतभाऊ, शेजारचा मित्र, यांतला एकही पुन्हा तुमच्या मैदानावर येत नाही. पत्र त्याच दिवशी लिहून द्या, शिक्का मारून, सगळ्या पोरांसमोर द्या. सुट्टीला आला की एक संध्याकाळ धाकट्यांना शिकवायची एवढंच कबूल करून घ्या. आणि क्लबचे बूट नेत असेल तर ते आधी गोणीत टाकायला लावा.