घडीच्या जुन्या चाकूचा कारखाना पात्यावरून कसा ओळखावा

गोव्यातल्या जुन्या घरात पेटारा उपसला की एखादा घडीचा चाकू हाती लागतो. कुणा तारवट्याने बोटीवरून आणलेला, नाहीतर कुणी आफ्रिकेतून परतताना. त्याचं पातं देश सांगतं, फार तर दोन-चार कारखान्यांपर्यंत नेऊन सोडतं. नाव पक्कं होतं ते पात्याच्या बुडाशी मारलेल्या शिक्क्यावरून.

चाकू अडकला असेल तर नखाच्या खाचेत नख घालून ओढू नका. सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडून रात्रभर ठेवा. आपल्याकडे तांब्याची भांडी चिंचेने किंवा सोलांनी घासतात, पण इथे ती सवय आवरा. आंबट पाणी पोलाद खातं आणि उथळ शिक्का आधी जातो.

आता आकार मूळचा आहे का ते पाहा, कारण बहुतेक चुका इथेच होतात. मुठीला लागून पात्याचा थोडा भाग धारेविना सोडलेला असतो. तिथली रुंदी मूळची. त्याच्या पुढे पातं एकदम 2-3 मिलिमीटर आत गेलं असेल तर ती वर्षानुवर्षे दगडावर घासल्याची झीज. चाकू मिटूनही बघा. टोक मुठीच्या फटीबाहेर डोकावतं का? मग धारेकडची बाजू बरीच गेलेली आहे. टोकापुढे मोठी जागा रिकामी राहते का? मग टोक मोडल्यावर नवं काढलंय. अशा पात्याच्या आकारावर भरवसा ठेवू नका.

धार सरळ आणि पाठ टोकाशी एकदम खाली वळलेली असेल तर ते शीप्सफूट. टोक बोथट असल्याने हलत्या बोटीवर दोर कापताना कुणाला भोसकलं जात नाही, म्हणून खलाशांना ते आवडायचं. पण ते अनेकांनी बनवलं. सोबत जाड टोच्या आणि बाणाची खूण असेल तर तो ब्रिटिश सैन्याचा. बाण सरकारचा, कारखान्याचं नाव वेगळं शोधा. धार तशीच सरळ, पण पाठ मुठीकडूनच हळूहळू उतरत आलेली असेल तर ते व्हार्नक्लिफ. हा आकार इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरातल्या जोसेफ रॉजर्स या कारखान्याने आणला, पुढे इतरांनीही उचलला. रॉजर्सची खूण म्हणजे तारा आणि माल्टीज क्रॉस (आठ टोकांचा क्रूस). नकला भरपूर झाल्या, म्हणून नावाचं स्पेलिंग अक्षर-अक्षर तपासा.

भाल्यासारखं मध्यावर टोक असलेलं पातं स्विस चाकूत नेहमीचं. ‘व्हिक्टोरिनॉक्स’ हे नाव 1921 नंतरचं, तर ‘डेलेमाँ’ हे गावाचं नाव असेल तर तो वेंगर या दुसऱ्या स्विस कारखान्याचा.

काही चाकू पात्यापेक्षा मुठीवरून पटकन सापडतात. पत्रा दुमडून केलेली काळी मूठ आणि तिच्यावर उडी मारणारं मांजर म्हणजे जर्मनीतल्या झोलिंगन शहरचा ‘के 55 के’ नावाचा चाकू. लाकडी मूठ, त्यात धातूचे चंद्र-तारे, मागे ओढायची कडी म्हणजे ओकापी. तो झोलिंगनहून 1902 पासून आफ्रिकेच्या बाजारासाठी जायचा. उत्पादन 1988 मध्ये दक्षिण आफ्रिकेत गेलं. गोल लाकडी मूठ, पात्यावर मुकुटधारी हात म्हणजे फ्रान्सचा ओपिनेल. त्याला फिरती कडी असेल तर 1955 नंतरचा, कारण उघडं पातं अडकवून ठेवणारी ही कडी तेव्हाच आली.

‘लाग्योल’ हे फ्रेंच चाकूचं नाव दिसलं की थांबा. ते नाव अनेक कारखाने वापरतात. मुठीवर मधमाशी आहे म्हणून कारखाना सापडला असं नाही.

शेवटी शिक्का वाचा. पातं पूर्ण उघडा, मऊ ब्रशने धूळ काढा, खडूची पूड बोटाने चोळा आणि जास्तीची पुसा. टॉर्च सरळ न धरता कडेकडून धरा, दहापट भिंगातून पाहा. जुने शिक्के पोलाद कडक करण्याआधी ठोकलेले, म्हणून अक्षरांना खोली असते. वरवर कोरल्यासारखी सपाट, राखाडी अक्षरं दिसली तर सावध व्हा. ‘इंग्लंड’ किंवा ‘जर्मनी’ एवढंच लिहिलेलं असेल तर तो बहुधा 1891 नंतरचा. अमेरिकेने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं, मग निर्यात करणाऱ्यांनी ते मारायला सुरुवात केली. पातं बदललेलं नाही ना, तेही बघा. रिव्हेटचं डोकं ताजं, चकचकीत असेल आणि बाकी सगळं काळवंडलेलं असेल, तर शिक्का एका कारखान्याचा आणि मूठ दुसऱ्याची असू शकते.

पावसाळ्यात ठेवताना पातं पुसून तेलाचा पातळ हात द्या, कातडी म्यानात मात्र ठेवू नका. कातडं ओल धरतं आणि सप्टेंबरात पात्यावर त्याचाच ठसा गंजून उमटलेला दिसतो.