धर्मांची तुलना कशी करावी : बेळगाव सीमाभागातील अभ्यासकांसाठी

जगातील प्रमुख धर्मांची तुलना करायला बसलेला विद्यार्थी बहुधा आधी तक्ता आखतो. डावीकडे धर्मांची नावे, वरच्या बाजूला संस्थापक, ग्रंथ, देव, प्रार्थनास्थळ आणि सण असे रकाने, आणि मग एकेक घर भरत जाणे. हा तक्ता पहिल्याच ओळीला अडतो, कारण हिंदू धर्माचा संस्थापक म्हणून कोणाचेही नाव लिहिता येत नाही. जैन धर्मापुढे देवाच्या रकान्यात महावीरांचे नाव घातले तर तेही चुकते. जैन मताप्रमाणे ही सृष्टी कोणी निर्माण केलेली नाही, आणि तीर्थंकर हे जग चालवणारे देव नसून कर्मबंधनातून सुटलेले आणि सुटण्याची वाट दाखवणारे आत्मे आहेत. महावीर संस्थापकाच्या रकान्यातही बसत नाहीत, कारण परंपरेनुसार त्यांच्या आधी तेवीस तीर्थंकर होऊन गेले. कुराण आणि बायबल ‘ग्रंथ’ या एकाच रकान्यात शेजारी बसतात खरे, पण मुसलमानांच्या श्रद्धेत कुराण हे साक्षात ईश्वराचे वचन आहे, तर ख्रिस्ती श्रद्धेत ते स्थान आधी येशू ख्रिस्ताचे आहे आणि बायबल त्याची साक्ष देते. शिखांच्या बाबतीत ग्रंथ हाच गुरू आहे. घरे भरली जातात, तुलना मात्र होत नाही.

म्हणून तक्ता बाजूला ठेवावा आणि एक प्रश्न हाती घ्यावा. प्रश्न असा हवा की तो कोणत्याही धर्माच्या माणसाला परका वाटू नये. ‘तुमचा देव कोणता?’ हा प्रश्न बौद्ध माणसाला परका आहे. ‘माणसाच्या दुःखाचे मूळ कशात आहे आणि त्यातून सुटण्यासाठी कोणी काय करायचे?’ हा प्रश्न सर्वांना आपला वाटतो. बौद्ध त्याचे उत्तर तृष्णेपासून सुरू करील, ख्रिस्ती पापापासून, जैन आत्म्याला चिकटलेल्या कर्मापासून, शीख अहंकारापासून, वेदान्ती अविद्येपासून, आणि मुसलमान ईश्वराचा माणसाला पडलेला विसर आणि त्याने पाठवलेले मार्गदर्शन यांपासून. परंतु नवशिक्या अभ्यासकाने याहूनही लहान, डोळ्यांना दिसणाऱ्या प्रश्नापासून आरंभ करावा, असे माझे मत आहे. तसा एक प्रश्न येथे शेवटापर्यंत नेऊन दाखवतो : घरातले माणूस गेल्यावर लोक काय करतात, आणि ते तसे का करतात?

एक प्रश्न, शेवटापर्यंत

आपल्या सीमाभागात या प्रश्नाची उत्तरे एकाच गावाच्या शिवारात सापडतात. मराठा घरात दहन होते, जैन घरातही दहन होते. मुसलमान आणि ख्रिस्ती दफन करतात, आणि लिंगायतही मृतदेह पुरतात. नुसत्या कृतीवरून गट पाडले तर मराठे आणि जैन एका बाजूला, बाकीचे तिघे दुसऱ्या बाजूला येतील. ही विभागणी दिशाभूल करणारी आहे. ती का, हे ज्याला समजले त्याला तुलनेची अर्धी रीत समजली.

लिंगायतांचा विधी जवळून पाहा. मृत व्यक्तीला मांडी घालून, ध्यानस्थ माणसासारखे बसवतात, कपाळाला भस्म लावतात आणि तिने आयुष्यभर अंगावर धारण केलेले इष्टलिंग तिच्या डाव्या तळहातावर ठेवतात. ज्या तळहातावर ते लिंग धरून रोज पूजा केली, त्याच तळहातावर ते घेऊन ती व्यक्ती समाधीत बसते. बाराव्या शतकातील बसवण्णांच्या परंपरेत हा शेवट मृत्यू म्हणून सांगितला जात नाही, तर लिंगाशी एकरूप होणे म्हणून सांगितला जातो. म्हणून तत्त्वतः येथे सुतक नाही आणि पिंडदानही नाही.

मुसलमान दफनात देहाला स्नान घालतात, पुरुषाला तीन आणि स्त्रीला पाच वस्त्रांचे कफन करतात, आणि जनाजाची नमाज उभ्यानेच होते, तिच्यात सजदा, म्हणजे कपाळ जमिनीला टेकवणे, नसतो. आपल्याकडे काबा पश्चिमेला येत असल्यामुळे कबर दक्षिणोत्तर खणतात आणि चेहरा पश्चिमेकडे करतात. ख्रिस्ती दफनामागे शेवटच्या दिवशी पुनरुत्थान होईल ही आशा आहे. इस्लामही पुनरुत्थान आणि न्यायाचा दिवस मानतो, म्हणून या दोन दफनांमागील अपेक्षा एकमेकींच्या जवळच्या आहेत, आणि लिंगायतांची समाधी, बाहेरून दफनासारखी दिसत असूनही, त्या दोघींपासून फार दूरची आहे. कॅथलिक चर्चने १९६३ मध्ये दहनाला परवानगी दिली, पण तिच्यामुळे पुनरुत्थानावरील श्रद्धा बदलली नाही. कृती बदलूनही श्रद्धा टिकू शकते, ही नोंद अभ्यासकाने आवर्जून करावी.

आता दोन दहने घ्या. हिंदू घरात दहाव्याला पिंड ठेवून कावळा शिवण्याची वाट पाहतात, बाराव्या-तेराव्याचे विधी होतात आणि पुढे दरवर्षी पितृपक्षात श्राद्ध घालतात, कारण गेलेल्याची पुढची वाटचाल घरच्यांच्या कर्माने सुकर होते असे मानले जाते. जैन सिद्धान्तात आत्मा देह सोडताच जवळजवळ तत्क्षणी नवा जन्म घेतो, आणि त्याचे कर्म त्याचे एकट्याचे असते. श्राद्धाला तेथे जागाच उरत नाही. जैन परंपरेचा सगळा भर मरणानंतरच्या विधीवर नसून मरण कसे स्वीकारावे यावर आहे. आपल्याच चिकोडी भागातल्या भोज गावाशी ज्यांचे नाव जोडलेले आहे, ते आचार्य शांतिसागर १९५५ मध्ये कुंथलगिरीला सल्लेखना घेऊन, म्हणजे व्रतपूर्वक आहार कमी करत जाऊन सोडून, दिवंगत झाले. या परंपरेची मृत्यूविषयीची दृष्टी सांगताना हे उदाहरण स्मशानाच्या वर्णनापेक्षा अधिक उपयोगी पडते.

बौद्धांकडे वळल्यावर आणखी एक गाठ सुटते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये श्राद्ध आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. निपाणी-चिकोडी पट्ट्यातील बौद्ध घरांत ती निष्ठेने पाळलेली आपल्याला आढळेल. शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील मुंडगोडला तिबेटी वसाहत आहे आणि तेथे ड्रेपुंग व गांदेन हे मोठे विहार आहेत. त्या परंपरेत मृत्यू आणि पुढचा जन्म यांच्या दरम्यान एकोणपन्नास दिवसांपर्यंतचा काळ मानतात आणि त्या काळात मृतासाठी पाठ करतात. दोघेही बुद्धाला शरण जातात. ‘बौद्ध असे मानतात’ या शब्दांनी सुरू होणारे वाक्य म्हणूनच अपुरे असते. कोणते बौद्ध, हे लिहिलेच पाहिजे.

हाच नियम सर्वांना लावावा. कॅथलिक कुटुंब २ नोव्हेंबरला मृतांच्या आत्म्यांसाठी प्रार्थना करते, तर बहुतेक प्रोटेस्टंट शुद्धिस्थानाची, म्हणजे मृत्यूनंतर आत्मे शुद्ध होतात त्या अवस्थेची, कल्पनाच नाकारतात. मृतासाठी चाळिसाव्याचा फातिहा, तसेच दर्ग्याचा ऊरूस, काही मुसलमानांना पुण्याचा वाटतो आणि काहींना धर्मबाह्य वाटतो. हिंदूंमध्येही संन्याशाला आणि तान्ह्या बाळाला पुरण्याची रीत आहे. दोन धर्मांमधील अंतर मोजण्यापूर्वी एकाच धर्मातील अंतर मोजले नाही, तर तुलना एका घराची दुसऱ्या घराशी होते आणि नाव मात्र धर्माचे लागते.

पाहावे कसे, विचारावे कसे

प्रत्येक नोंद करताना चार गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात : ग्रंथ काय सांगतो, त्या परंपरेचे जाणते काय शिकवतात, कुटुंब प्रत्यक्षात काय करते, आणि गावाची रूढी कोणती. या चार गोष्टी क्वचितच तंतोतंत जुळतात. सीमाभागातील कित्येक खेड्यांत मोहरमच्या पंजांपुढे हिंदू घरांतील माणसे नवस फेडतात. ही माहिती इस्लामच्या सिद्धान्ताखाली लिहिणे चूक आहे आणि ती गाळून टाकणे त्याहून मोठी चूक आहे. ती गावाच्या रूढीत लिहावी. पिंडदान न मानणाऱ्या परंपरेतील एखादे कुटुंब शेजाऱ्यांप्रमाणे दिवस घालत असेल, तर तेही त्याच जागी लिहावे, आणि लिहिताना त्यात त्या कुटुंबाची चूक काढू नये.

बेळगावच्या किल्ल्यात ही तयारी एका सकाळी करता येते. रट्ट राजांच्या काळात १२०४ मध्ये बांधलेली कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, तेथे आहे. तिच्या मंडपाच्या छतातून दगडी कमळ खाली उमलले आहे आणि गाभाऱ्यात नेमिनाथ आहेत. हे बाविसावे तीर्थंकर जैन परंपरेत श्रीकृष्णाचे चुलतभाऊ मानले जातात. दोन धर्मांच्या कथांत एकच कृष्ण येतो, पण जैन कथेत तो परमेश्वर नाही. नाव सारखे असले म्हणजे स्थान सारखे असते असे नाही, हे शिकण्यासाठी याहून चांगले ठिकाण मला माहीत नाही. त्याच किल्ल्यात सफा मशीद आहे. मूर्तीऐवजी मक्केची दिशा दाखवणारा कोनाडा हा मशिदीच्या रचनेचा केंद्रबिंदू असतो, हे कमल बस्ती पाहून लगेच तेथे गेल्यावर न सांगता समजते. शिवाय किल्ल्यात दुर्गेचे मंदिर आणि रामकृष्ण मिशनचा आश्रमही आहे.

भेटीला जाताना आधी विचारून जावे. जैन बस्तीत चामड्याची वस्तू नेऊ नये. मशिदीत शुक्रवारी दुपारच्या नमाजेच्या वेळी निरीक्षणासाठी जाऊ नये. गुरुद्वारात डोके झाकावे. कॅथलिक मिस्साला मागच्या बाकावर बसण्यास कोणी हरकत घेत नाही, पण ख्रिस्तप्रसाद घेण्यासाठी रांगेत उभे राहू नये. कोणाचेही इष्टलिंग हातात मागू नये. प्रश्न विचारताना ‘का’ने सुरुवात करू नये, त्यात उलटतपासणीचा सूर येतो. ‘काकू, तुमच्याकडे हे कसं करतात, जरा सांगाल का?’ असे विचारले की कारण बहुधा आपोआप सांगितले जाते. बोलणाऱ्याच्या घरच्या भाषेत विचारता आले तर उत्तम. बसवण्णांच्या परंपरेतील वचने कन्नडमध्ये आहेत, म्हणून मराठी अनुवाद वाचत असलात तरी एखादे वचन कन्नड शेजाऱ्याकडून समजून घ्यावे. सीमाभागात राहणाऱ्याला ही सोय घरबसल्या मिळते आणि तिचा उपयोग आपण पुरेसा करत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

न्यायाने तुलना करण्याचा एक नियम स्वीडिश धर्मशास्त्रज्ञ आणि स्टॉकहोमचे बिशप क्रिस्टर स्टेंडाल यांच्या नावाने प्रसिद्ध आहे. १९८५ मध्ये आपल्या शहरात मॉर्मन पंथाचे मंदिर उभारण्यास विरोध होत असताना त्यांनी सांगितले की दुसऱ्याचा धर्म समजून घ्यायचा तर त्याच्या विरोधकांना नव्हे, अनुयायांना विचारावे. आपल्यातील सर्वोत्तम गोष्ट त्यांच्यातील सर्वांत वाईट गोष्टीशी ताडून पाहू नये. आणि त्यांच्याकडील एखाद्या गोष्टीचा हेवा वाटला तर तो वाटू द्यावा. मधला नियम सर्वांत जास्त मोडला जातो. आपल्या संतांची दुसऱ्यांच्या गुंडांशी तुलना करणारे लेखन आज प्रत्येक हातातील मोबाइलवर येऊन पडते. संतांची तुलना संतांशी आणि चुकांची चुकांशीच करावी.

गावातले चित्र आणि जगातले चित्र

शेजारातून शिकण्याला एक मर्यादा आहे, आणि ती सुरुवातीलाच ओळखावी. आपल्याकडे जैन आणि लिंगायत समाज मोठे आहेत, पण जगाच्या लोकसंख्येत जैन अगदी थोडे आहेत, आणि जागतिक धर्मांवरील बहुतेक पुस्तकांत लिंगायतांना स्वतंत्र प्रकरण मिळत नाही. तो स्वतंत्र धर्म आहे की हिंदू धर्मातील परंपरा, यावर त्या समाजातच मतभेद आहेत आणि अभ्यासकाने दोन्ही बाजू नोंदवाव्यात. उलट ख्रिस्ती आणि मुसलमान मिळून जगाची निम्म्याहून अधिक लोकसंख्या भरते. म्हणून गावातील एका ख्रिस्ती वस्तीवरून ख्रिस्ती धर्माचे वर्णन करू नये. जे धर्म आपल्या भोवती दिसत नाहीत, त्यांच्यासाठी आपल्या भाषेतली वाट शोधावी. ज्यू धर्मासाठी कोकणातील मराठी बोलणारे बेने इस्राएल पाहावेत. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. वरच्या प्रश्नाला त्यांचे उत्तर असे की देह लवकर दफन करतात आणि शोकात कद्दिश म्हणतात. त्या प्रार्थनेत मृत्यूचा उल्लेखही नसून ईश्वराची स्तुती आहे. शीख धर्मासाठी नामदेवांपासून आरंभ करावा, कारण गुरू ग्रंथ साहिबमध्ये त्यांची एकसष्ट पदे आहेत.

या भागाला या अभ्यासाचा वारसाही आहे. जमखंडीला १८७३ मध्ये जन्मलेले विठ्ठल रामजी शिंदे १९०१ मध्ये ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात तौलनिक धर्माचा अभ्यास करण्यासाठी गेले, आणि परतल्यावर त्यांनी १९०६ मध्ये अस्पृश्यतेविरुद्धच्या कार्यासाठी मिशन स्थापन केले. धर्म समाजात कोणाला आत घेतो आणि कोणाला दाराबाहेर ठेवतो, हा प्रश्न त्यांनी तुलनेतून कधी वगळला नाही. आपणही तो वगळू नये. प्रत्येक परंपरेबाबत पूजा कोण सांगतो, स्त्रिया कोठपर्यंत जाऊ शकतात, पाणी आणि पंगत एक आहे की वेगळी, हे विचारावे, आणि स्वतःच्या धर्माला हे प्रश्न आधी विचारावेत.

लेखन पूर्ण झाल्यावर प्रत्येक धर्माविषयीचा मजकूर त्या धर्माच्या माणसाला वाचून दाखवावा. ‘हे आमचंच आहे’ असे त्याने म्हटले तर मजकूर ठेवावा. त्याने हरकत घेतली आणि ग्रंथाचा आधार तुमच्या बाजूने असेल, तरी त्याचे म्हणणे खोडू नये. ग्रंथात असे आहे आणि अमुक गावातील या परंपरेची माणसे असे सांगतात, अशी दोन्ही वाक्ये एकाखाली एक लिहावीत, आणि त्या व्यक्तीचे नाव तिच्या परवानगीशिवाय छापू नये.