लहानपणच्या बागेतला फोटो, पुन्हा त्याच जागेवरून

आधी घरी बसून फोटो नीट वाचा. मूळ प्रत अल्बममध्येच राहू द्या. स्कॅन करून ए४ कागदावर छापा आणि तो कागद बरोबर न्या. फोटो उलटा तर छापलेला नाही ना, हे पाहा. पाटीवरची अक्षरं किंवा शर्टाचा डावीकडचा खिसा ते सांगतो. निगेटिव्ह उलटी लागली असेल, तर बागेच्या नको त्या टोकाला अर्धा दिवस जातो.

बागेत गेल्यावर घसरगुंडी, झोके, बाकं यांच्यावर विसंबू नका; ती बदलतात, हलतात. भरवशाच्या गोष्टी म्हणजे पायऱ्या, दगडी भिंत, पुतळ्याचा चौथरा आणि कुंपणापलीकडच्या जुन्या इमारतीच्या छपराची कड. आणि झाडं. झाड उंच होतं ते शेंड्याकडून, खोड वर सरकत नाही. तेव्हा कमरेच्या उंचीवर असलेला बेचका आजही तेवढ्याच उंचीवर सापडेल, फक्त जाड झालेला. खालची फांदी तोडली असेल तर तिथे गोल वण दिसतो.

आता उभं राहायची जागा. सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या. फोटोत एकामागे एक आलेल्या दोन वस्तू निवडा. समजा, जवळचं खोड दूरच्या इमारतीच्या कोपऱ्याला नेमकं झाकतंय. तसंच दिसेपर्यंत आडवं सरका. कॅमेरा त्या दोघांना जोडणाऱ्या रेषेवर कुठेतरी होता. आता चौकटीच्या दुसऱ्या बाजूची अशीच एक जोडी घ्या. दोन्ही रेषा जिथे छेदतात, ती जागा.

दुसरी जोडी मिळाली नाही तर पट्टी काढा. फोटोतल्या जवळच्या दोन खांबांमधलं अंतर मोजा, दूरच्या दोन खिडक्यांमधलं मोजा आणि पहिल्याला दुसऱ्याने भागा. मोबाइलच्या पडद्यावर हेच गुणोत्तर जास्त येत असेल तर तुम्ही फार पुढे आलात, कमी आलं तर मागे राहिलात. झूम केल्याने हे गुणोत्तर बदलत नाही. म्हणूनच आधी झूम करून चौकट जुळवणाऱ्यांचा फोटो ‘जवळपास तसाच’ येतो, पण कधीच जुळत नाही.

कॅमेऱ्याची उंची फोटोतच लिहिलेली असते. सरळ पायवाटेच्या दोन्ही कडा पट्टीने लांबवा. त्या जिथे मिळतात तिथून आडवी रेषा मारा. जमीन सपाट असेल तर ही रेषा प्रत्येक वस्तूला कॅमेऱ्याच्या उंचीवर कापते. ती मुलाच्या डोक्यातून गेली तर फोटो काढणारा गुडघ्यावर बसला होता. मूल एक मीटर उंचीचं आणि रेषा त्याच्या डोक्याच्या वर अर्ध्या मुलाएवढी असेल, तर कॅमेरा दीड मीटरवर.

एक अडचण मात्र हमखास निघते: वाटेवर थरावर थर चढून जमीनच वर आलेली असते. पायऱ्या मोजा. तेव्हा सहा आणि आता पाच दिसत असतील, तर एका पायरीच्या उंचीइतका कॅमेरा खाली घ्या.

झूमचं काम शेवटी. रोलच्या साध्या कॅमेऱ्यांची लेन्स बहुधा ३५ मिमीच्या आसपास असे, मोबाइलची मुख्य लेन्स साधारण २४ ते २६ मिमीसारखी, म्हणजे बरीच रुंद. मोबाइल न कलवता धरून रुंदच काढा आणि नंतर कापा. वर-खाली कलला तर खांब तिरके होतात.

उन्हाचं गणित सोपं आहे. २१ जूनच्या दोन्ही बाजूंना सारख्या दिवसांवर सूर्य जवळजवळ त्याच मार्गाने जातो, त्यामुळे एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यातला फोटो ऑगस्टच्या चौथ्या आठवड्यातही जमतो. सावल्यांची दिशा जुळेपर्यंत थांबा. वीस मिनिटांतही त्या जाणवण्याइतक्या सरकतात. फोटोमागे छापलेल्या तारखेवर मात्र जाऊ नका. ती रोल धुतल्याची असू शकते, आणि रोल कॅमेऱ्यात महिनोन्‌महिने पडून राहत.

खेळायच्या जागेत इतरांची मुलं चौकटीत येत असतील तर त्यांच्या पालकांना विचारा, नाहीतर ती जाईपर्यंत थांबा.

निघण्यापूर्वी पायाखालच्या जागेचं अंतर दोन पक्क्या वस्तूंपासून टेपने मोजून प्रिंटच्या मागे लिहा, कॅमेऱ्याच्या उंचीसह. फोटो घरी जाऊन हललेला निघाला, तर पुढच्या वेळी शोधाशोध पाच मिनिटांची.