बाळाला जुलाब लागले तर: ओआरएस कसे बनवावे, कसे पाजावे

बाळाला जुलाब लागले की घरात पहिला प्रश्न येतो, ते थांबवायचे कसे? खरे तर लहान मुलांचे बहुतेक जुलाब विषाणूंमुळे होतात आणि साधारण आठवडाभरात आपोआप थांबतात. जिवाला धोका असतो तो अंगातले पाणी आणि क्षार निघून जाण्याचा. म्हणून जुलाबांच्या मागे लागू नका, गेलेले पाणी भरून काढा.

आधी हे खरेच जुलाब आहेत का ते बघा. दिवसातून तीन किंवा जास्त वेळा, नेहमीपेक्षा पातळ शी झाली तर जुलाब समजावेत. अंगावर पिणारे तान्हे बाळ दिवसातून अनेकदा पिवळी, पातळसर शी करते. ते नीट पीत असेल, वजन वाढत असेल, तर ते जुलाब नव्हेत. दूध पिऊन झाल्यावर ओठांच्या कडेने थोडे बाहेर येणे हीसुद्धा उलटी नव्हे.

आता ओआरएस, म्हणजे साखर आणि क्षारांची, पाण्यात विरघळवून पाजायची पूड. हात साबणाने धुवा. पाकिटावर किती पाणी लिहिले आहे ते वाचा. मोठे पाकीट 1 लिटरचे असते, छोटे 200 मिलीलिटरचेही मिळते. उकळून गार केलेले तेवढेच पाणी मोजून घ्या आणि पाकीट पूर्ण रिकामे करा. अंदाजाने चिमूटभर पूड पेल्यात टाकणे ही सर्रास होणारी चूक आहे. मिश्रण दाट झाले तर बाळाच्या अंगात मीठ जास्त जाते, पातळ झाले तर उपयोग कमी होतो. आतड्यात साखर शोषली जाताना सोबत मिठातले सोडियम आत नेते आणि त्यांच्या मागोमाग पाणी जाते. जुलाब चालू असतानाही ही वाट उघडी राहते, पण साखर-मिठाचे प्रमाण बरोबर हवे. वरून साखर, दूध, रस काहीही घालू नका. 24 तासांनी उरलेले ओतून द्या.

पाकीट हाताशी नसेल तर ते मिळेपर्यंत 1 लिटर पाण्यात सपाट 6 छोटे चमचे साखर आणि सपाट अर्धा छोटा चमचा मीठ विरघळवा. चमचा 5 मिलीलिटरचा हवा. मीठ जराही जास्त पडू देऊ नका.

दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक पातळ शीनंतर 50 ते 100 मिलीलिटर, त्याहून मोठ्याला 100 ते 200 मिलीलिटर पाजा. वाटी-चमच्याने, मिनिटा-दोन मिनिटांनी एक चमचा. तहानलेले बाळ वाटी दोन्ही हातांनी ओढते, आपल्यालाही राहवत नाही, आणि घटाघटा पाजले की सगळे बाहेर येते. उलटी झालीच तर 10 मिनिटे थांबा आणि पुन्हा सुरू करा, आणखी सावकाश. कंटाळवाणे काम आहे, तासन्‌तास चालते. पण बाळ सावरते ते यानेच.

अंगावरचे दूध बंद करू नका, उलट जास्त वेळा पाजा. वरचे खाणाऱ्या मुलाला नेहमीचे मऊ जेवण थोडे थोडे द्या. पोटाला विश्रांती म्हणून उपाशी ठेवले तर ते आणखी अशक्त होते. डॉक्टरांना विचारून झिंक (जस्ताचे औषध) सुरू करा: सहा महिन्यांखाली रोज 10 मिलीग्रॅम, त्यापुढे 20 मिलीग्रॅम, 10 ते 14 दिवस. जुलाब थांबले तरी ते मध्येच सोडू नका. जुलाब बंद करणाऱ्या मोठ्यांच्या गोळ्या मुलांना कधीही देऊ नका, आणि प्रतिजैविके (अँटिबायोटिक्स) स्वतःच्या मनाने नकोत.

दर काही तासांनी बाळाकडे नीट बघा. डोळे खोल गेले, तोंड कोरडे पडले, रडताना अश्रू येत नाहीत, डोक्यावरची टाळू खोल दिसते, सहा-आठ तासांत शू नाही, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर हळूहळू सपाट होते, ही पाणी कमी पडल्याची लक्षणे आहेत. अशा वेळी, किंवा शीमध्ये रक्त, हिरवी उलटी, जास्त ताप, मलूलपणा किंवा काहीच न पिणे दिसले तर लगेच दवाखाना गाठा. बाळ तीन महिन्यांपेक्षा लहान असेल तर लक्षणांची वाट न बघता न्या. ते शुद्धीत असून गिळत असेल तर वाटेतही चमच्याने ओआरएस चालू ठेवा.