फुलांच्या टाइल-नक्षीचे लाकडी जिगसॉ कोडे कसे जुळवावे

पुठ्ठ्याच्या जिगसॉची सवय असलेली व्यक्ती लाकडी कोडे प्रथमच हाती घेते, तेव्हा ती बहुधा ठरलेल्या रीतीनेच कामाला लागते: कडेचे तुकडे वेगळे काढायचे, चौकट बांधायची आणि मग रंगांच्या आधाराने आत शिरायचे. फुलांची टाइल-नक्षी असलेल्या लाकडी कोड्यात ही रीत अपुरी पडते. अशा कोड्यांच्या कडा नेहमी सरळ कापलेल्या नसतात आणि नक्षी पुन्हा पुन्हा येत असल्यामुळे नुसत्या रंगावरून जागा ठरत नाही. निसर्गदृश्यात निळा तुकडा आकाशाचा की पाण्याचा, एवढाच प्रश्न असतो. टाइलच्या नक्षीत मात्र तीच निळी पाकळी चार, आठ किंवा सोळा ठिकाणी तंतोतंत तशीच दिसते. म्हणून आधी नक्षीची रचना समजून घ्यावी आणि मगच तुकड्यांना हात घालावा, असे माझे ठाम मत आहे.

सोबत दिलेले चित्र समोर ठेवून दोन गोष्टी शोधाव्यात. पहिली गोष्ट म्हणजे टाइल जिथे एकमेकींना भिडतात त्या सांध्यांच्या रेघा. त्या फिकट असल्या तरी चित्रभर आडव्या-उभ्या जाळ्यासारख्या पसरलेल्या असतात, आणि ज्या तुकड्यावर अशी रेघ दिसते त्याची जागा निम्मी ठरल्यासारखीच असते. दुसरी गोष्ट म्हणजे नक्षीचा पुन्हा येणारा सर्वांत लहान भाग. तो कधी एका टाइलमध्ये मावतो, तर कधी चार टाइल एकत्र आल्यावरच एक फूल पूर्ण होते. सोळाव्या शतकातील इझनिकच्या टाइलमध्ये हे फार सुंदर रीतीने पाहायला मिळते. आजच्या तुर्कस्तानातील या गावी घडलेल्या टाइलवर ट्युलिप, कार्नेशन, गुलाब, हायसिंथ आणि करवती कडांची लांब वळणदार पाने असत. इस्तंबूलच्या रुस्तम पाशा मशिदीच्या भिंती अशाच टाइलनी मढवलेल्या आहेत. तिथे अनेकदा देठ एका टाइलवर उगवतो आणि फूल शेजारच्या टाइलवर उमलते. कोड्यावर या धर्तीचे चित्र असेल, तर फुलांऐवजी देठांचा माग काढणे अधिक फलदायी ठरते, कारण फुले एकसारखी असली तरी देठांची वळणे डावी-उजवी अशी वेगवेगळी असतात.

चित्र हे खऱ्या टाइलचे छायाचित्र आहे की नव्याने रेखाटलेली नक्षी आहे, हेही सुरुवातीलाच पाहून घ्यावे. हाताने रंगवलेल्या टाइलच्या छायाचित्रात एकाच फुलाच्या दोन प्रती कधीच अगदी सारख्या नसतात. कुठे काळी बाह्यरेषा जाड झालेली असते, कुठे निळा रंग झिलईखाली किंचित पसरलेला असतो, कुठे कोपऱ्याचा टवका उडालेला असतो. हे दोषच खुणेचे दगड ठरतात आणि ते मनात टिपून ठेवावेत. संगणकावर रेखाटलेल्या नक्षीत असे काहीही सापडत नाही. तिथे सगळी भिस्त तुकड्यांच्या आकारावर आणि लाकडावर ठेवावी लागते.

जुळवणीला सपाट, कडक आणि किंचित खरखरीत पाट किंवा बोर्ड घ्यावा. फार गुळगुळीत पृष्ठभागावर एकमेकांत अडकणाऱ्या खाचा नसलेले तुकडे धक्क्याने सरकतात. लेसरने कापलेल्या तुकड्यांच्या कडा भाजून तपकिरी झालेल्या असतात व त्यांना बारीक काजळी असते, म्हणून तुकडे आधी मऊ कोरड्या कापडाने पुसून घ्यावेत. ओले कापड मुळीच वापरू नये. प्रकाश पांढरा असावा, कारण पिवळ्या दिव्याखाली गडद निळा आणि हिरवट निळा यांतील फरक जवळजवळ मिटतो. चित्राचा थर चकचकीत असेल, तर दिवा डोक्यावर न ठेवता बाजूला ठेवावा.

आता लाकडाच्या खऱ्या उपयोगाकडे येतो. प्लायवूडच्या मागच्या थरात लाकडाचे रेषे एकाच दिशेने गेलेले असतात आणि संपूर्ण कोडे एकाच फळीतून कापलेले असल्याने प्रत्येक तुकड्यावर ती दिशा कायम राहते. दहा-बारा तुकडे पालथे घालून तिरप्या प्रकाशात पाहिले की बारीक समांतर रेघा स्पष्ट दिसतात. सगळे रेषे उभे येतील असे तुकडे फिरवून ठेवले, तर प्रत्येक तुकडा बसवण्याच्या दोनच दिशा उरतात: आहे तशी किंवा अर्धा फेरा फिरवून. चित्रात ओळखू येणाऱ्या एखाद्या भागावरून रेषे चित्राच्या लांबीला धरून आहेत की रुंदीला, हे एकदा ठरवले की चारही बाजूंनी सारख्या दिसणाऱ्या नक्षीतला निम्मा गोंधळ तिथेच संपतो. पाठीवर एखादी गडद शीर किंवा गाठ असेल, तर ती अनेक तुकड्यांतून सलग जाते; तिचा आधारही जरूर घ्यावा. लाकडाचा लगदा दाबून केलेल्या एमडीएफ फळीच्या कोड्यात मात्र असे रेषे नसतात, त्यामुळे तिथे ही युक्ती चालत नाही.

अनेक लाकडी कोड्यांत पक्षी, फुलपाखरू, पान अशा ओळखीच्या आकारांचे काही खास तुकडे असतात. ते आधी वेगळे काढावेत. त्यांच्यावरील चित्राचा आणि त्यांच्या आकाराचा संबंध असेलच असे नाही. फुलपाखराच्या आकाराच्या तुकड्यावर नुसते देठ आणि पार्श्वभूमी असू शकते. परंतु अशा आकाराच्या भोवती बसणाऱ्या तुकड्यांना त्याच्या पंखाची किंवा चोचीची नेमकी पोकळी असावीच लागते. ती पोकळी शोधणे सोपे असल्याने जुळवणीची सुरुवात मी इथूनच करण्याचा सल्ला देईन. कडेचा विचार नंतर केला तरी चालतो, कारण काही कारागीर मुद्दाम कोपऱ्याचे दोन तुकडे करतात किंवा आतल्या तुकड्यालाही सरळ बाजू देतात.

अशा रीतीने तयार झालेले छोटे गट मग सांध्यांच्या रेघांच्या आधाराने योग्य टाइलमध्ये नेऊन ठेवावेत. तुकडा बसवताना बोटाने सरळ खाली दाबावा आणि काढताना सरळ वर उचलावा. तिरपा ओढल्यास प्लायवूडचा वरचा थर कडेला सुटतो आणि बारीक खुंट्या मोडतात. जोर लावूनच बसणारा तुकडा बहुधा चुकीच्या जागी असतो. गट हलवायचा असेल, तर त्याच्याखाली पातळ ताठ पुठ्ठा सरकवावा.

आरशातल्या प्रतिबिंबासारख्या नक्षीत एखादा गट वरून निर्दोष दिसतो आणि तरीही चुकलेला असतो, हीच या प्रकारातली सर्वांत चकवणारी बाब आहे. शंका आली की गटावर दुसरा पुठ्ठा ठेवून तो दोन पुठ्ठ्यांमध्ये धरून उलटा करावा आणि पाठ पाहावी. जोड बरोबर असेल, तर लाकडाची रेघ एका तुकड्यातून दुसऱ्यात न तुटता जाते; ती सांध्यापाशी एका बाजूला सरकलेली दिसली, तर वरचे फूल कितीही जुळलेले वाटले तरी तो जोड चुकीचा समजावा. हा पडताळा गट लहान असतानाच करावा, कारण मोठा भाग उलटवताना खाचा नसलेले तुकडे निसटतात.

लाकूड दमट हवेत थोडे फुगते, त्यामुळे पावसाळी हवेत जोड घट्ट वाटू लागले तर कानशीने घासण्याचा मोह टाळावा; कोरड्या खोलीत एक-दोन दिवस मोकळे ठेवल्यावर तुकडे बहुतेक वेळा पूर्ववत होतात. काम संपल्यावर कोडे उन्हात किंवा ओल्या भिंतीलगत ठेवू नये. उन्हाने रंग उडतो आणि ओलीने प्लायवूड वाकते. सुटे करून ठेवताना खास आकाराचे तुकडे वेगळ्या कापडी पिशवीत घालून त्याच डब्यात ठेवावेत, म्हणजे त्यांच्या नाजूक चोची आणि पंख इतर तुकड्यांखाली दाबले जात नाहीत.