इंग्रजीचा साधा भूतकाळ: या चुका टाळा

मराठी माणसाच्या इंग्रजीत सर्वांत जास्त लुडबुड करतो तो 'हॅड'. 'आय हॅड गॉन टु नाशिक यस्टरडे.' आपण 'काल नाशिकला गेलो होतो' म्हणतो आणि त्या 'होतो'पायी 'हॅड' आणून बसवतो. इंग्रजीत तो लागतो भूतकाळातल्या एका घटनेच्या आधी दुसरी घडून गेली असेल तेव्हा: 'व्हेन वी रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट.' नुसतं काल काय केलं ते सांगायचं असेल, तर 'आय वेंट टु नाशिक' पुरे.

माझ्या वर्गातल्या एका नोकरदार मुलीने परदेशातल्या ग्राहकाला मेल केला: 'आय हॅड सेंट द फाइल ऑन मंडे.' त्याने अर्थ काढला की सोमवारी पाठवली होती, पण आता काहीतरी बदललंय. तो बिचारा नव्या फाइलची वाट बघत राहिला, इकडे ही त्याच्या उत्तराची. काम अडलं, वर साहेबांची बोलणी. 'आय सेंट' लिहिलं असतं तर काहीच झालं नसतं. म्हणून मी लिहून झाल्यावर प्रत्येक 'हॅड'वर बोट ठेवायला लावते: 'कशाच्या आधी?' उत्तर नसेल तर खोडा. 'आय हॅड अ फीवर'मधला 'हॅड' मात्र मुख्य क्रियापद आहे, त्याला हात लावू नका.

'आय डिडन्ट वेंट' ऐकून कान किटले. 'डिड' आला की भूतकाळ त्याने उचलला, क्रियापद मूळ रूपात: 'डिडन्ट गो'. प्रश्नातही तेच: 'डिड यू सी?' पण 'कोण' किंवा 'काय' हाच वाक्याचा कर्ता असेल, तर 'डिड' नको: 'हू केम?', 'व्हॉट हॅपन्ड?'

'आय वॉज वेंट' कधीच नाही. 'आय हॅव सीन हिम यस्टरडे'ही नाही. 'यस्टरडे' असला की 'सॉ'.

'हेल्पेड', 'वॉचेड' म्हणू नका. हेल्प्ट, वॉच्ट, कॉल्ड. शेवटी 'इड' ऐकू येतो तो फक्त मूळ शब्द ट किंवा ड या आवाजावर संपत असेल तर: वाँटिड, नीडिड.

आता 'कॅच्ड', 'टीच्ड', 'बायड'. ही क्रियापदं शेवटी 'एड' घेत नाहीत, रूपच बदलतात: कॉट, टॉट, बॉट. एका रात्रीत दोनशे क्रियापदं पाठ करून घेणाऱ्या व्हिडिओंचा मला मनापासून राग आहे. पाठ होतात, पण बोलताना तोंडात येत नाहीत. रोज झोपण्याआधी दिवसभरात काय केलं याची पाच वाक्यं मोठ्याने म्हणा. वेंट, टुक, बॉट, टोल्ड, कॉट आधी पक्के होऊ द्या, बाकीचे मागून येतील. 'पुट', 'कट' बदलतच नाहीत. 'रीड'चं स्पेलिंग तेच, उच्चार 'रेड'. उतावळ्यांना हे रटाळ वाटतं, आणि तेच महिनाभराने 'टीच्ड' म्हणत परत येतात.

राहिलं 'मी रोज तालमीला जायचो'. याला 'आय वॉज गोइंग डेली' म्हणू नका. 'आय वेंट एव्हरी डे' म्हणा, किंवा आता ती सवय सुटली असेल तर 'आय यूज्ड टु गो'.